जळोचीची होडी

जळोचीत कुणीतरी होडी बांधायला घेतली आहे, ही बातमी गुरुवारच्या बाजारातून सगळ्या बारामतीभर झाली आणि लोकांनी ती हसण्यावारी नेली. नेणारच. जळोचीचं पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर कॅनॉलचं, आणि कॅनॉलचंही पाळी आली तर. अशा गावात रस्त्याकडेच्या अंगणात अठरा फुटी होडीचा सांगाडा उपडा पडलेला दिसला, की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जिभेला खाज सुटायची. कुणी विचारायचं, ही विहिरीत सोडणार का. कुणी म्हणायचं, होडी आधी केलीत ते बरं झालं, आता तळ्याचं सवडीनं बघू. शहाण्णव सालचा मे महिना होता आणि उन्हात लोकांना दुसरं काम नव्हतं.

हे सगळं ऐकून घेणारी बाई म्हणजे म्हाळसा. वय असेल तीस-बत्तीस. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवायची, डोक्याला फडकं बांधायची आणि कुणी बोलायला लागलं की तोंडापुढं काच धरून ठिणग्या पाडायला लागायची. ठिणग्या उडाल्या की माणूस आपोआप दोन पावलं मागं सरतो, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

वेल्डिंगचं दुकान खरं तर तिच्या नवऱ्याचं, मानसिंगचं. त्यानं घराच्या अंगाला पत्र्याचं शेड ठोकलं, रॉडची मशीन आणली आणि लोकांची फाटकं जोडायला सुरुवात केली. मानसिंग माणूस सोन्यासारखा, पण त्याचा जोड धरायचा नाही. पहिल्याच वर्षी त्यानं केलेली तीन फाटकं गळून पडली, त्यातलं एक सरपंचांचं. पत्रा धरायला म्हाळसा असायची. धरता धरता तिनं बघितलं, बघता बघता रॉड हातात घेतला, आणि तिचा हात बसला. मग मानसिंगला माळेगावच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचं काम लागलं. तो खूश झाला आणि गावातली फाटकंही सुखाला लागली. तेव्हापासून पाच वर्षं दुकान म्हाळसा चालवत होती.

पण तिच्या मनात एक सल होता. पाच वर्षं तिनं खिडक्या, दारं आणि कडबाकुट्टीचे स्टँड केले. खिडकी चांगली जोडली काय आणि बरी जोडली काय, भिंतीत बसली की कुणी तिच्याकडं बघत नाही. पाणी धरायचं काम, टाकी म्हणा, टँकर म्हणा, लोक शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात न्यायचे. बाईच्या हातचं पाणी धरील का, असा त्यांचा हिशेब. आपल्या हातानं एकदा तरी असं काही व्हावं, की ते जोडलेलं आहे की नाही याचा निकाल चारचौघांसमोर लागावा, एवढीच तिची इच्छा होती. इच्छा बाळगताना माणसानं जरा जपून बाळगावी, कारण ती कधी पुरी होईल याचा नेम नसतो.

मानसिंगनं पिंपरीच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून एक मशीन आणली. जोडकामात त्याला गती नसली तरी चांगली वस्तू ओळखायची नजर होती. कपाटाएवढा निळा डबा, खाली चाकं, आणि त्या एका डब्यात तीन कामं. एक आपलं नेहमीचं रॉडचं. दुसरं तारेचं. आत बारीक तारेचं रीळ बसवायचं, गनचा घोडा दाबला की तार आपली आपण पुढं येत राहते, भोवती गॅसचं पांघरूण पडतं आणि पातळ पत्रासुद्धा भोक न पडता जोडला जातो. तिसरं काम स्टीलसाठीचं होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं, कारण त्याची नळी उंदरांनी खाल्ली होती.

मशीन येऊन चार दिवस झाले नव्हते, तोच सिद्धू आला. सिद्धूची बहीण जळोचीत दिलेली. तो स्वतः इंदापूर तालुक्यातला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर पळसदेवच्या खालच्या अंगाला होडी चालवायचा. त्याची होडी शहरातल्या कुठल्याशा मिस्त्रीनं पातळ पत्र्यावर रॉड मारून केलेली. रॉडनं पत्र्याला भोकं पडली, भोकांवर डांबर थापलं, आणि आता दोघं वल्ही मारायचे तेव्हा तिसरा डबा घेऊन पाणी उपसायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पलीकडच्या वस्तीवरची पोरं याच होडीतून यायची. सिद्धूला त्या पोरांच्या काळजीनं झोप लागत नव्हती. पातळ पत्रा पाणी न येईल असा जोडता येईल का, असं त्यानं विचारलं, आणि म्हाळसा हो म्हणून बसली. मशीनचं बटणसुद्धा तिनं तोवर दाबलेलं नव्हतं.

सिद्धूनं मान डोलवली आणि मग तो मनातलं बोलला.

“आमच्यात एक रीत हाय, वयनी. ज्यानं होडी क्येली त्यानं पयल्या खेपंला सोता बसायचं, आन् संगं घरचं एक मानूस घ्यायचं. मागच्या मिस्तरीला सांगितलं तर तो म्हनला, मला पान्याचं वावडं हाय. तवाच मला समजाया पायजे हुतं.”

“मी बसंन,” म्हाळसा म्हणाली.

तिला पोहता येत नव्हतं. कॅनॉलवर धुणं धुताना घोट्याच्या वर पाणी आलं की ती काठ धरायची.

आता त्या घरात आणखी एक माणूस होता, त्याची ओळख करून द्यायला हवी. दादासो म्हणजे मानसिंगचे वडील, सगळ्यांचे आबा. पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. गुडघे बोलायला लागले तसं आबांनी मेंढरांचं खांड विकलं आणि दोन शेरडांवर आले, पण काठी, घोंगडी आणि मत या तीन गोष्टी त्यांनी सोडल्या नव्हत्या. मशीन बघून ते आधी म्हणाले, एवढ्यात वीस मेंढरं आली असती. पण घरात आलेली लक्ष्मी पुजल्याशिवाय चालू करायची नाही, यावर ते ठाम होते. रविवार बघितला. खंडोबाचा वार. नारळ झाला, हळदीकुंकू झालं, आणि आबांनी विचारलं की हिचा जीव कुठं असतो. मानसिंगनं कौतुकानं बाजूचं दार उघडून तारेचं रीळ दाखवलं. आबांनी येळकोट म्हणून भंडाऱ्याच्या दोन मुठी सरळ त्या रिळावर उधळल्या. सगळं पिवळंधमक झालं. म्हाळसेच्या सहा वर्षांच्या लेकीनं, सृष्टीनं, टाळ्या वाजवल्या, आणि घरात सगळ्यांनाच बरं वाटलं.

सोमवारी म्हाळसेनं गन हातात घेतली. पत्र्याच्या कातरणाचे दोन तुकडे जवळ ठेवले, घोडा दाबला, आणि मशीननं तडतड करून चहूकडं लाह्या उडवल्या. तिनं मशीनच्या दाराआतलं चित्र बघितलं. नववीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षर लावून वाचायची, आणि अधिक-उण्याच्या खुणा तर कुणालाही कळतात. कंपनीतल्या लोकांनी गनची वायर उण्याला लावली होती. उण्यावर चालणारी, बिनगॅसची तार वेगळी असते. गॅसच्या तारेला गन अधिकाला हवी. तिनं पट्ट्या उलट्या केल्या, तडतड निम्म्यानं कमी झाली, आणि तिला वाटलं आपण जिंकलो.

पण जोडावरची काजळी पुसून बघितली तर जोड अनारशासारखा. वर जाळीच जाळी. अनारशाला जाळी पडली तर सुगरणीची शाबासकी, जोडाला पडली तर त्यातून पाणी येतं.

तिनं करंट कमी केला, वाढवला. दुपारी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की वीज दमायची, म्हणून मोटारी बंद असायच्या त्या वेळा धरून काम केलं. गॅसवर संशय घेतला. गॅस मोहनरावांकडचा. मोहनरावांचा बारामतीत गोटी सोड्याचा कारखाना, आणि सोड्यात जो गॅस भरतात तोच या कामाला लागतो. मोहनरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की माझ्या गॅसनं आजवर कुणाला नुसती ढेकर आली, दुसरं काही झालं नाही. बदली सिलिंडरही दिलं. मे महिन्याच्या उन्हात त्या सिलिंडरच्या तोंडावर पांढराशुभ्र बर्फ धरायचा आणि गॅस अडायचा. गल्लीतली पोरं बर्फ बघायला यायची. म्हाळसेनं तिथं शंभराचा दिवा बांधला, बर्फ गेला, पोरंही गेली. जाळी तशीच राहिली. वर तार मध्येच अडकायची, आत रिळापाशी तिचा गुंता व्हायचा आणि अर्धा तास तो सोडवण्यात जायचा.

सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी आबा शेडच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ही मशीन आपल्याला लाभत नाही, मोडीत घाल. बाहेर सिद्धूच्या होडीचा सांगाडा तयार होता. तो तिनं रॉडनं जोडला होता आणि ते काम चोख होतं. पण सांगाडा काही पाण्यावर तरंगत नाही, पत्रा चढवावा लागतो.

म्हाळसा दमली होती, आणि दमलेलं माणूस पैज मारतं.

“आबा, होडीत पान्याचा एक थेंब आला तर मशीन मी सोता मोडीत घालीन. आन् पुन्ना रॉडला हात लावनार न्हाय. खिडक्याबी करनार न्हाय.”

आबांनी हे ऐकून घेतलं. एवढा शब्द देऊ नकोस, असंही ते म्हणाले नाहीत, आणि तिला ते लागलं.

त्याच दुपारी तार पुन्हा अडकली. तिनं चिडून गनची सगळी केबल मोकळी केली आणि आतली नळी ओढून काढली. ज्या नळीतून तार सरकते, तिच्यातून पिवळं पीठ गळलं. तिनं बोटावर घेतलं, वास घेतला. हळद. मग स्वच्छ फडकं घेऊन रिळावरची तार पुसली, तर फडक्यावर पिवळी रेघ उमटली. सात दिवस ती जोडात तारेबरोबर भंडारा वितळवत होती. तो जळायचा, त्याचा धूर जोडात कोंडायचा आणि बाहेर पडताना जाळी करून जायचा.

तिला हसावं की रडावं कळेना. रिळाचे वरचे पदर तिनं काढून टाकले, नळी रॉकेलनं धुऊन वाळवली, तार ओढणारे रोलर घासले, रिळाला कापडी टोपी शिवली. मग दोन तुकडे घेऊन घोडा दाबला. तापल्या तेलात कुरडई सोडल्यासारखा एकसारखा आवाज आला. काजळी पुसल्यावर खाली जोड निघाला तो गुळगुळीत, एकसारख्या खवल्यांचा, भोक म्हणून औषधाला नाही. तिनं तो तुकडा हातात फिरवून फिरवून बघितला आणि शेडमध्ये एकटीच असताना मोठ्यानं हसली.

आबांना ती काही सांगणार नव्हती. पण पिवळं फडकं दोरीवर वाळत होतं आणि आबांची नजर म्हाताऱ्या धनगराची, हरवलेलं कोकरू कोसावरून बघणारी. त्यांनी फडकं बघितलं, नळी बघितली.

“देवाचा भंडारा नडला व्हय?” त्यांनी विचारलं.

“देवाला न्हाय नडला, आबा. तारंला नडला.”

आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जेवताना भाकरी मोडायचे आणि बाहेर जाऊन बसायचे.

तिकडं म्हाळसेनं पत्रा चढवायला घेतला. होडी शेडमध्ये मावत नव्हती, म्हणून काम अंगणात. पहिली शिवण बारा फुटांची, तिनं सकाळभरात ओढली आणि दुपारी परीक्षा घेतली. परीक्षेची रीत सोपी. जोडाच्या एका अंगाला चुना लावायचा, तो वाळला की दुसऱ्या अंगानं रॉकेल फिरवायचं. जिथं जिथं सुईच्या अग्राएवढी वाट असेल तिथं रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उठतो. म्हाळसेनं रॉकेल फिरवलं आणि होडीखाली वाकून बघितलं. डाग मोजायची गरज नव्हती. चुना देवीच्या फोडांसारखा उठला होता.

ती तिथंच मातीत बसली. तार स्वच्छ होती, गॅस चालू होता, शेडमध्ये जोड चांगला येत होता आणि अंगणात येत नव्हता. मेच्या शेवटाचं वारं सुटलं होतं. तिच्या डोक्यावरचं फडकं फडफडत होतं तरी तिला कळेना. कळलं आबांना. ते काठीवर हनुवटी ठेवून बराच वेळ बघत होते आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले, तेही विचारल्यासारखं. तो गॅस दिसतो का? म्हाळसा म्हणाली, दिसत नाही, तो जोडावर पांघरुणासारखा असतो. आबा म्हणाले, मग तुझं पांघरूण वारा उडवून नेतोय की.

तासाभरात आबा भावकीतल्या चार घरांतून सात घोंगड्या घेऊन आले. वीत वीत जाडीच्या नव्हे, पण दाट विणीच्या, काळ्या, जुन्या. मेंढी व्यायली की उघड्या माळावर कोकराला वाऱ्यापासून कसं राखतात ते त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी होडीभोवती मेढी रोवल्या, घोंगड्या बांधल्या आणि खालच्या काठावर दगड ठेवले, कारण वारा वरून कमी आणि जमिनीलगत जास्त शिरतो. पोत्याचा आडोसा का नाही, असं म्हाळसेनं विचारलं, तिला ठिणग्यांची भीती. आबांनी एका घोंगडीचा कोपरा तिच्यापुढं धरला.

“पोतं पेटंल. ही लोकर हाय. जळंल, पर पेट घ्यायची न्हाय.”

खरंच होतं. दिवसभरात कितीतरी ठिणग्या घोंगड्यांवर पडल्या. प्रत्येक ठिणगी काळा ठिपका करून विझली, केस जळल्याचा वास सुटला, एवढंच. आत उकाडा असा की म्हाळसेच्या शर्टातून घाम निथळायचा. दर अर्ध्या तासानं ती बाहेर येऊन घागरभर पाणी प्यायची आणि पुन्हा आत शिरायची. पहिली शिवण तिनं घासून काढली आणि नव्यानं ओढली. मग दुसरी, तिसरी, तळाची, नाकाडाची. वारा फिरला की आबा न सांगता मेढी हलवायचे. अंगणात येऊन थट्टा करणाऱ्यांना आबा म्हणायचे, बसा, घोंगडी धरा. त्यानंतर थट्टा करणारे कमी झाले.

सहा दिवसांनी सगळ्या होडीला आतून चुना फासला आणि बाहेरून रॉकेल. म्हाळसेनं रात्रभर ते तसंच ठेवलं आणि सकाळी उजाडताच आत डोकं घालून बघितलं. पांढरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पांढरं. तिनं मानसिंगला बघायला लावलं, सृष्टीला लावलं. आबांनी स्वतःहून बघितलं. रॉकेल वेगळं आणि पाणी वेगळं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मानसिंगनं ट्रॉली मागून आणली आणि होडी निघाली, बरोबर सगळं घर. बारामतीपासून भिगवणपर्यंत रस्त्यावरच्या माणसांनी काम टाकून बघितलं. कोरड्या माळावरून होडी चाललेली रोज दिसत नाही. एका टपरीवर कुणीतरी विचारलं, कुठल्या गावची. जळोचीची, असं मानसिंगनं सांगितल्यावर त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. त्याला बहुतेक वाटलं या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पळसदेवच्या काठावर पन्नासेक माणसं जमली होती. पाणी खाली गेलेलं, तरी पलीकडचा काठ एक निळी रेघ होऊन दिसत होता. म्हाळसेनं एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं. होडी पाण्यात उतरवली, सिद्धूनं तिच्या नाकाडावर नारळ फोडला, काठावरच्या एका म्हातारीनं ओवाळलं. मग सिद्धू वल्ही घेऊन बसला आणि त्यानं म्हाळसेकडं बघितलं. म्हाळसेनं काठ धरला आणि आत पाय टाकला. होडी हलली, तिनं डोळे मिटले आणि बसली.

मानसिंगनं चपला काढल्या. तो पाण्यात उतरणार तोच आबांची काठी त्याच्या छातीवर आडवी आली.

“तू न्हाय. दोगंबी एका होडीत नगं. काय बरंवाईट झालं तर पोरीला कोन? मी जातो. माझं काय, पिकलं पान.”

हे सगळ्यांनी ऐकलं. म्हाळसेनंही ऐकलं. म्हणजे आबा तिच्यावरच्या भरवशानं बसत नव्हते, होडी बुडाली तर आपण गेलेलं चालेल म्हणून बसत होते. सात घोंगड्या बांधून, मेढी हलवून, चुना बघूनही त्यांच्या मनात होडी बुडायचीच होती. तिनं सरकून जागा केली. आबा धोतर खोचून आत आले आणि तिच्यासमोर बसले.

सिद्धूनं वल्हं टेकवलं. काठ मागं सरला, माणसांचे आवाज बारीक झाले, आणि मग नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज राहिला. म्हाळसा पाण्याकडं बघत नव्हती. ती तळाकडं बघत होती, शिवणीवरून शिवणीवर. आबा मात्र इकडंतिकडं बघत होते. मध्यावर आल्यावर ते हात करून म्हणाले की धरण व्हायच्या आधी इथं खाली भीमेच्या काठाला त्यांचा तळ असायचा, दोनशे मेंढरं बसायची. म्हाळसेनं हो म्हटलं. तिचं लक्ष नव्हतं. तिला आबांच्या पायापाशी ओल दिसली होती.

तळहाताएवढी ओल. तळाच्या शिवणीला लागून, पांढऱ्या चुन्यावर गडद. उन्हात चकाकत होती.

म्हाळसेनं होडीचा काठ घट्ट धरला. तिला काठावरची सगळी माणसं दिसली, कोपऱ्यात मोडीत पडलेली निळी मशीन दिसली, आणि शाळेला निघालेली पोरं दिसली, ते सगळ्यात वाईट. आबांनी तिच्या नजरेच्या रोखानं खाली बघितलं. सिद्धूनंही बघितलं आणि वल्ही थांबवली. होडी तिथंच डुलत राहिली.

आबा सावकाश वाकले. एक बोट त्या ओलीत बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. थोडा वेळ तोंड हलवलं. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं.

“गोड हाय,” ते म्हणाले.

सिद्धूला काही कळेना.

“नारळाचं पानी हाय रं. तूच फोडलास न्हवं का मगा. आत सांडलं.”

सिद्धू आधी हसला. मग आबा हसले, दात नसलेल्या तोंडानं, खांदे हलवत. म्हाळसेनं स्वतः बोट लावून चाखल्यावर मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आबांनी खांद्यावरच्या उपरण्यानं ती ओल पुसून काढली. पुसलेली जागा त्यांनी पलीकडचा काठ येईपर्यंत हातानं चाचपून बघितली. ती कोरडी ती कोरडीच राहिली.

पलीकडच्या काठावर सात-आठ माणसं नवी होडी बघायला थांबली होती. जुन्या होडीत डबा घेऊन बसायची सवय, म्हणून एकाच्या हातात डबा होताच. आबा त्यांना म्हणाले, डबा घरी ठेवून या. कुणीतरी विचारलं, कुठल्या मिस्त्रीनं केली. आबांनी काठीचं टोक म्हाळसेकडं केलं आणि म्हणाले, ही काय बसलीया, आमची सून. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की पुढं दुसरा प्रश्न आला नाही. माणसं आत बसली, एक बाई कोंबडीसुद्धा घेऊन बसली, आणि भरलेली होडी परत निघाली. वजनानं ती पाण्यात वीतभर खाली गेली, तरी तळ कोरडा ठणठणीत.

अलीकडच्या काठाला लागताच सिद्धूनं मोठ्यानं सांगून टाकलं की थेंब आला नाही. माणसांनी एकच कालवा केला. मच्छीमार सोसायटीचे लोक म्हाळसेभोवती जमले, अजून किती करशील, कधी देशील, असं विचारायला लागले. ती ओल्या साडीनं उभी राहून सगळ्यांना एकदम उत्तरं देत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काचेआड जायची गरज वाटली नाही.

गर्दीत तिला आबा दिसेनात. तिनं मान वळवून बघितलं. आबा पाण्याच्या कडेला मानसिंगपाशी उभे होते. त्यांनी सृष्टीला त्याच्या कडेवरून उचलून घेतलं, गुडघाभर पाण्यातून चालत नेलं आणि होडीच्या मधल्या फळीवर नीट बसवलं. मग मागं वळून मानसिंगला म्हणाले,

“म्हाळसाला बोलव. दोगंबी बसा पोरीसंगं. मी हितं थांबतो.”